शांताबाईंचा आजार

साकीनाका,
१६ फेब्रुवारी १९८६

अंबादास,

जयभीम. तुझ्या आईसमोर मी तुला अहो म्हणायचे आणि कारखान्यात अरे. हे पत्र कारखान्यातलं समज.

तुझं शेवटचं पत्र गणपतीत आलं. त्यात तू शारजाच्या उन्हाबद्दल लिहिलंस, खोलीतल्या माणसांच्या घोरण्याबद्दल लिहिलंस, तिथल्या मटणाबद्दल तर अर्धं पान लिहिलंस. मग 'बाकी ठीक' म्हणून सही ठोकलीस. त्या 'बाकी'त मी होते हे मला कळलं. म्हणून उत्तर दिलं नाही. आता देतेय, कारण हाताला काम नाही.

सुट्टी घेतलीय. शांताबाईंना बरं नाही. त्यांना महापालिकेच्या हॉस्पिटलात ठेवलंय आणि मी त्यांच्याजवळ आहे. त्यांचं दुसरं आहे कोण? मुलगा सुरतेला. भिंतीपलीकडच्या शेजारणीला आपणच बघायचं. मुलाचं पत्र आलं की आता मी वाचून दाखवते. पण माझं वाचणं त्यांना पसंत नाही. तू वाचायचास तेव्हा मधेमधे पदरची वाक्यं घालायचास ना, 'आई, तुझी फार आठवण येते, जेवताना घास अडतो' वगैरे. मी जे लिहिलंय तेवढंच वाचते. "अंबादास वाचायचा तेव्हा माझा पोरगा जास्त मायाळू होता गं," म्हणतात. घे. तुझ्यामुळे माझी ही पत.

आजार म्हणशील तर लघवीतून लाल जातं. दुखत नाही, जळजळ नाही, ताप नाही. दोन दिवस जातं, मग महिना-दीड महिना काही नाही. माणसाला वाटतं, गेलं. मग परत. डॉक्टर ओरडतात, इतके दिवस काय करत होतात म्हणून. बाईमाणूस असल्या गोष्टी कुठे सांगत फिरणार? आता दुर्बीण घालून आत बघणार आहेत. म्हणजे लघवीच्या वाटेनं बारीक नळी घालतात आणि तिच्यातून मूत्राशय आतून दिसतं. ऐकूनच अंगावर काटा येतो. शांताबाईंच्या म्हणते मी.

रंगाचा कारखाना आहे तिथेच आहे. वजनाच्या खोलीत शेवंती आणि मी पावडर तोलतो, नाकाला फडकं बांधतो, तरी शिंकलं की फडक्यावर त्या दिवसाचा रंग. तुझ्या रंग ढवळायच्या ड्रमवर आता चंद्रप्रकाश एकटाच असतो. तुझी आठवण काढतो. म्हणतो, "भाभी, वो था तो ड्रम भी गाना गाता था." मी म्हटलं, ड्रम नाही, तोच गायचा, आणि बेसूर.

खिडकीपुढून जाताना तू दोन्ही तळवे वर करून दाखवायचास. मी आतून ओरडायचे, "आज निळा!" लग्नाआधीपासूनची ती खोड. लग्नात माझ्या पांढऱ्या साडीवर, कमरेशी, तुझ्या घामट हाताचा निळा पंजा उमटला होता आणि तुझी आई महिनाभर मला टोमणे मारत होती, जसा काही तो मीच मागून घेतला. ती साडी मी अजून धुतलेली नाही. धुतली तरी जायचा नाही म्हणा.

तू म्हणालास, मी शारजाला जातो, तू गावी आईजवळ राहा. मी म्हटलं, मी राहणार नाही, माझी खोली इथे, माझं काम इथे. तू म्हणालास, मग रंगाशीच लग्न लाव. आणि गेलास. विमानतळ आपल्या खोलीवरून चालत जाण्याइतका जवळ, तरी मी सोडायला आले नाही. परत तसंच बोललास तर तेव्हाही सोडायला येणार नाही. दोन वर्षं होत आली. पहाटे आखाताकडून येणारी विमानं आपल्या पत्र्यावरून इतकी खाली जातात की मडक्यातलं पाणी हलतं. मी त्यांच्याकडे बघत नाही. पाण्याकडे बघते.

बाकी ठीक.

शकु

•

हॉस्पिटल,
९ मार्च १९८६

अंबादास,

तू उत्तर दिलं नाहीस, पण ते वाटेत असेल असं धरून चालते. शांताबाईंचं ऑपरेशन झालं. तुझा त्यांच्यावर जीव, म्हणून सविस्तर लिहिते.

कंबरेत सुई दिली, त्यामुळे खालचं सगळं मेल्यासारखं झालं, वरचं जागं. पोट फाडलं नाही. त्याच दुर्बिणीच्या वाटेनं आत तार घालून खरवडून काढलं. तीन गाठी निघाल्या. सगळ्यांत मोठी बोराएवढी, बाकीच्या दोन बारीक, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या. गाठी कॅन्सरच्या निघाल्या. लिहून टाकलं, सुटले.

इथे एक शिकाऊ डॉक्टरीणबाई आहेत, वनमालाबाई. वय असेल सत्तावीस. वेणी घालतात आणि चालतात मात्र हवालदारासारख्या. त्या परीक्षेसाठी प्रबंध लिहितायत. या आजाराच्या कुठल्या माणसाचं पुढे चांगलं होतं आणि कुणाचं नाही, हे आधीच ओळखता येतं का, यावर. त्यासाठी प्रत्येकाच्या कॉटपाशी बसून विचारतात. वय काय? विडी, तंबाखू, मिश्री? काम कुठलं? मी त्यांना विचारलं, शांताबाईंचं काय दिसतं? त्यांनी लपवलं नाही. म्हणाल्या, सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे गाठ किती खोल गेली. मूत्राशयाला आतून अस्तर असतं, अस्तराखाली पातळ थर, त्याखाली मांस. नुसतं अस्तरात असलं तर उत्तम. मांसात शिरलं तर मूत्राची पिशवीच काढावी लागते आणि पोटाला भोक पाडून बाहेर थैली लावतात. शांताबाईंचं अस्तर ओलांडलंय, मांसाला लागलेलं नाही. उंबऱ्यावर आहे, म्हणाल्या.

दुसरं, गाठीतल्या पेशी किती वाह्यात आहेत ते. काही शांत असतात, काही नुसत्या मारक्या. शांताबाईंच्या मारक्या निघाल्या. तिसरं, गाठी किती आणि केवढ्या. एक असली तर बरं. तीन म्हणजे तितकं बरं नाही. चौथं मला सगळ्यांत लागलं. तीन महिन्यांनी परत दुर्बीण घालून बघतात. तेव्हा आत स्वच्छ असेल तर पुष्कळ जणांचं पुढे नीट होतं. तेव्हाच परत उगवलेलं दिसलं तर मग वाट बिकट. म्हणजे मे महिन्याच्या अखेरीला कळणार.

मी म्हटलं, एवढ्या गोष्टी विचारता, घरी कोण आहे ते नाही विचारत? म्हणाल्या, प्रबंधात ते नाही. मग म्हणाल्या, "पण एक सांगते. तिसऱ्या महिन्याला जे परत येतच नाहीत ना, त्यांचं काय झालं ते मला कधीच कळत नाही. आणि परत येणाऱ्यांबरोबर बहुतेक वेळा कुणीतरी आलेलं असतं."

मी शांताबाईंना म्हटलं, मी आहे ना. त्या म्हणाल्या, हो, तू आहेस.

आता दर आठवड्याला औषध घालणार. लहान पोरांच्या दंडावर क्षयाची लस टोचतात ना, तीच, पण जास्त, नळीनं आत सोडतात. मग दोन तास लघवी दाबून धरायची आणि पाव-पाव तासानं कूस बदलायची, म्हणजे औषध चारी अंगांना लागतं. तव्यावरच्या भाकरीसारखं. तू असतास तर हसला असतास.

तुझ्याकडे रात्री थंडी पडते का रे? तसं काही विचारायचं नव्हतं. पान शिल्लक होतं.

शकु

•

साकीनाका,
६ एप्रिल १९८६

अंबादास,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून यात खरं लिहिते.

शांताबाई ठणठणीत आहेत. आत्ता बाहेर नळावर दोघींशी भांडतायत, आवाज इथवर येतोय. आजार मला झालाय. दुर्बीण मला घातली, गाठी माझ्या, कूस मी बदलते. त्या वेळी बाजूच्या स्टुलावर बसून शांताबाई "आता डावीकडं हो गं" म्हणतात, तेवढाच त्यांचा या आजाराशी संबंध.

तुला हे सांगायचं नव्हतं. आजारी बायकोसाठी नवरा येतो. गावातल्या दहा जणांत ते दिसतं, लोक भला माणूस म्हणतात, तोही स्वतःला म्हणून घेतो. मला तसा यायला नको आहेस. मी धडधाकट आहे, तिखट बोलते आहे, आणि तरी तुला राहवत नाही म्हणून आलास तर ये. माझ्या पिशवीसाठी नको, माझ्यासाठी. हे तोंडानं कधी बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय छातीवरचा दगड हलेना. म्हणून शांताबाईंच्या नावावर ढकललं. म्हटलं, त्यांच्या नावानं तरी तुला कळेल माझ्या शरीराचं काय चाललंय. आणि झालं काय! तुझ्या तिथल्या खोलीतला विद्याधर सुट्टीवर आला, कुर्ल्याहून खास आपल्याकडे आला, हातात खजुराचं भलंमोठं पुडकं आणि बंद पाकीट. मी हात पुढे केला. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं नाही, शांताबाईंचं आहे."

माझ्या आजाराला खजूर आला आणि तो गेला शेजारणीच्या घरात.

पाकीट मीच फोडलं, मीच वाचलं. त्या समोर बसून ऐकत होत्या. तू लिहिलंयस, 'शांताबाई, घाबरू नका. तीन महिन्यांनी आत स्वच्छ निघणार, माझं मन सांगतं. औषधानंतर तोंड कडू झालं तर खजूर खा. पाणी भरपूर प्या. रात्री एकट्या झोपू नका, शकुला बाजूला झोपायला सांगा. तिचा हात कपाळावर असला की बरं वाटतं, माझा अनुभव आहे.'

तिथे मी थांबले. पुढचं मी मनात वाचलं आणि कागदाची घडी घातली.

"संपलं?" शांताबाईंनी विचारलं.

"संपलं."

"मला वाचता येत नाही गं, पण वाचणारा मधेच थांबला की कळतं. वाच पुढचं."

पुढे होतं, 'तिला राग आला की ती माठाला पालथी मूठ मारते आणि माठ फुटत नाही. तो आवाज ऐकून फार दिवस झाले.'

शांताबाई पुडकं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घे. रोग तुझा, खजूर तुझा. माझ्या नावावर दुखणं घातलंस ते घातलंस. आता मी मेले तर लोकं म्हणतील, आधीच आजारी होती. आणि तो पोरगा तिकडं माझ्यासाठी जीव टाकतोय. लाज नाही वाटत तुला?"

मग आम्ही दोघींनी खजूर खाल्ला. त्यांना दात कमी, त्या एकेक बी चघळत बसल्या.

रात्रभर एकच विचार येत राहिला. शांताबाईंना वाचता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? त्यांच्या पत्रातली अक्षरं कुणाच्या डोळ्यांखालून जाणार, हे तुला ठाऊक होतं. मग माठाचं ते वाक्य तू कुणाला लिहिलंस? पण मी अशा विचारांच्या नादी लागत नाही. तुझं बोलणं गोड आहेच. दुसऱ्याच्या मुलाच्या पत्रात माया घालणारा माणूस तू.

आणखी एक, जे डॉक्टरांनाही सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी गप्प का बसले, ते. तुला आठवतं ना, लाल चालला की आपल्या सगळ्यांचंच लाल व्हायचं. पिवळ्याला पिवळं. पुरुष मोरीतून बाहेर येताना ओरडायचे, "आज कौनसा रंग?" आणि आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. शिंक रंगीत, थुंकी रंगीत, घाम रंगीत, मग लघवीनं काय पाप केलंय? गेल्या पावसाळ्यात मला लाल दिसलं तेव्हा ड्रमवर लालच होता. मी शेवंतीला म्हटलं, या वेळचा माल भारी दिसतो. ती म्हणाली, माझं तर फिकट आहे, सेठनं तुला जास्त दिला. हसलो. मग दिवाळीत कारखाना बंद होता. आठ दिवस पावडरीचा कण नाकात गेला नाही. मी मोरीत उभी होते, आणि खाली लाल. त्या दिवशी मला हसू आलं नाही. तरी जानेवारीपर्यंत मी स्वतःला सांगत राहिले, अंगात मुरलेला आहे, उतरतोय.

तू असतास तर मी तुला सांगितलं असतं. सांगितलंच असतं. रात्री अंधारात, तुझ्या पाठीकडे बघून. फार आठवण येते रे तुझी. माझ्या पत्रात ही ओळ कुणी घालायची गरज नाही, मी स्वतः लिहितेय.

शकु

•

साकीनाका,
२० एप्रिल १९८६

अंबादास,

आधी सोबतचं सहा तारखेचं पत्र वाच. ते तुला पाठवायचं नव्हतं. मग हे वाच.

वाचलंस? बरं. आता रागावू नकोस, वेळ नाही.

वनमालाबाईंनी मला विचारलं होतं की तुमच्याबरोबर रंगात आणखी कोण कोण आहेत, सगळ्यांना पाठवा. मी सात तारखेला, सोमवारी, कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आत मी आता जात नाही. डॉक्टरांनी वजनाची खोली कायमची बंद केलीय मला. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर आले तेव्हा सांगितलं, लघवी तपासून घ्या. सेठच्या माणसानं मला हाकललं. पोरं हसली. एक जण म्हणाला, भाभी, आमचं तपासायचं तर डॉक्टरला सात बाटल्या लागतील, सात रंगांच्या. पूर्वी मीही हसले असते.

शेवंती आली माझ्याबरोबर. तिचं स्वच्छ निघालं. चंद्रप्रकाश येत नव्हता. म्हणाला, "भाभी, मेरा तो दो साल से कभी कभी लाल आता है. रंग है, उतर जाएगा." मी विचारलं, आज ड्रमवर काय आहे? म्हणाला, नीला. मी विचारलं, आणि आज सकाळी तुझं? तो गप्प झाला. त्याच्याइतका बडबड्या माणूस, अंबादास, आणि त्याचा चेहरा असा झाला की मी त्याचा हात धरून त्याला बसमध्ये बसवलं.

त्याची एकच गाठ निघाली. माझ्या तीन होत्या, त्याची एक. मला वाटलं, बरं आहे. पण ती लिंबाएवढी, आणि मांसात शिरलेली. एका बाजूचं मूत्रपिंड तुंबून सुजलंय, म्हणजे तिथली वाट तिनं अडवलीय. वनमालाबाई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. पिशवी काढायची म्हणतात, लगेच. काढली तरी खात्री नाही. तो म्हणतो, आधी गावी जौनपूरला जाऊन बायकोला भेटतो, मग येतो. येईल का, मला माहीत नाही. जाताना मला म्हणाला, "उसको लिख दो. हम दोनों एक ही ड्रम पे थे."

म्हणून लिहितेय. नाहीतर लिहिलं नसतं, हे लक्षात ठेव.

एकाच ड्रमच्या तोंडाशी तुम्ही दोघं वाकायचात. तो दोन वर्षं थांबला, मी अर्धं वर्ष, आणि एवढ्याशा फरकानं त्याची वाट एकीकडे गेली, माझी अजून उंबऱ्यावर आहे. तुझं काय आहे मला माहीत नाही. तिथे डॉक्टरकडे जा. लाज धरू नकोस. सांग त्याला, मी रंगाच्या पावडरीत पंधरा वर्षं काम केलंय. एकदा नाही, तीनदा लघवी दे. डोळ्यांना न दिसणारं रक्त काचेखाली दिसतं, वनमालाबाई म्हणाल्या. आणि इकडे कधी आलास तर इथेही दाखवायचं. आम्ही इथे लाल दिसलं की रंगाला दोष देत होतो. तुला तिथे वाळवंटात दोष द्यायला रंगही नाही. लाल दिसलं तर ते रक्तच.

आता माझं. आता तुला सगळं कळलं. आता तू आलास तर मला कधीच कळणार नाही की तू कशासाठी आलास. जे एक मला ठेवायचं होतं ते मी आज पोस्टाच्या पेटीत टाकतेय. पण तुझ्या आत काही उगवत असेल आणि मी मानापायी गप्प बसले, तर तो मान घेऊन मी काय करू? उशाला घेऊन झोपू?

ये असं मी लिहीत नाही. येऊ नकोस असंही लिहिणार होते, पण पेन चालेना.

तपासून घे. पहिलं तेवढं कर.

शकु

•

साकीनाका,
१८ मे १९८६

अंबादास,

हे पत्र पोस्टात टाकून उपयोग नाही, ते शारजाला पोचेपर्यंत तू निघालेला असशील. हे मी हातात घेऊन येणार आहे.

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावर परत शांताबाईंचं नाव. मी म्हटलं, झालं, आता एवढं सांगूनही हा मला लिहीत नाही. शांताबाई पाटावर बसल्या, पदर नीट केला, आणि म्हणाल्या, वाच.

'शांताबाई, तुमचा आजार शकुला झाल्याचं कळलं.'

मी हसले आणि मग रडले, आणि त्यांनी मला रडून घेऊ दिलं. त्यांनी मला न टोकता मोकळं सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

'शकुला सांगा, तीनदा लघवी दिली, तिन्ही वेळा स्वच्छ आहे. इथला डॉक्टर केरळचा आहे, त्यालाही रंगाचं सगळं सांगितलं. तिकडे आल्यावर तिच्या वनमालाबाईंनाही दाखवीन. शकुला सांगा, चंद्रप्रकाशच्या गावी मी पत्र टाकलंय की ऑपरेशन करून घे, नाहीतर तुझ्याशी बोलणार नाही. शकुला सांगा, शनिवारी चोवीस तारखेला पहाटे पोचतो. मंगळवारी तिची दुर्बीण आहे, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर असेन. आणि शकुला हेही सांगा की खजूर पाठवला त्याच आठवड्यात मी मुकादमाकडे सुट्टी मागितली होती. तेव्हा मला तुमचाच आजार माहीत होता. तिला कळवलं नाही, कारण ती नको म्हणेल याची भीती वाटली. तिला खरं वाटणार नाही. विद्याधर तेव्हा माझ्याबरोबर होता, त्याला विचारा.'

खरंच, मला खरं वाटलं नाही. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हेच, की हा दुसऱ्याच्या पत्रात माया घालणारा माणूस, स्वतःच्या पत्रात का नाही घालणार? आजारी बायकोला बरं वाटावं म्हणून. आणि विद्याधर अजून कुर्ल्यालाच आहे, पुढच्या महिन्यात परत जाणार. एका बसचं तिकीट. जाऊन विचारलं की झालं. मी चप्पलसुद्धा घातली.

शांताबाईंनी विचारलं, कुठं निघालीस? मी सांगितलं.

"बस खाली," म्हणाल्या. "माझ्या पोराच्या पत्रात अंबादास काय काय घालायचा, ते मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? माझं पोरगं ते. त्याला घास अडतो म्हणून लिहिणं सात जन्मांत जमायचं नाही. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? त्याला माझ्यासाठी खोटं बोलावंसं वाटलं ना? तेवढी माया खरी होती. तेवढी मी घेतली."

मी चप्पल काढली. विद्याधरला विचारायला मी गेले नाही, जाणारही नाही. तूही मला कधी सांगू नकोस.

काल हॉस्पिटलात शेवटचं औषध झालं. वनमालाबाईंना म्हटलं, दुर्बिणीच्या मंगळवारी माझ्याबरोबर कोणीतरी असणार आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग बघू. आत काय दिसेल ते त्यांनाही माहीत नाही. मारक्या पेशी, तीन गाठी, उंबऱ्यावरचं दुखणं, हे सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात वय कमी, तंबाखू नाही, मांसाला लागलेलं नाही, आणि वजनाची खोली सुटली. मी आयुष्यभर तोलत आले, पण हा काटा कुठे झुकेल ते मला सांगता येत नाही. मला भीती वाटते, अंबादास. रात्री पोटावर हात ठेवून पडते आणि आत उगवतंय का ते ऐकत राहते. तुला लिहायला लाज नाही वाटत आता.

शनिवारी मी विमानतळावर येणार आहे. शांताबाईही येणार म्हणतात, त्यांचा आजार बघायला माणूस एवढ्या लांबून येतोय म्हणून. लोखंडी कठड्याशी फार गर्दी असते असं ऐकलंय. मी पुढे घुसेन, तू मला ओळखतोस. भेटल्यावर मला काही बोलता यायचं नाही, म्हणून आधी हे पत्र तुझ्या हातात देईन. तिथेच उभा राहून वाच.

आणि वाचून झालं की सामान खाली ठेव आणि दोन्ही तळवे पुढे कर. पोरगी होते तेव्हापासून ते बघत आलेय, पण निळे, लाल, पिवळे, काळे. धुतलेसुद्धा रंगीतच असायचे. तुझे हात नुसते तुझे हात म्हणून कसे दिसतात, ते मी अजून पाहिलेलं नाही.

शकु